काळ्याचे पिवळे होऊ नये म्हणून

१८३९ साली युरोपात दोन गोष्टी घडल्या. पॅरिसमध्ये एदमों बेकरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाने वडिलांच्या प्रयोगशाळेत आम्लयुक्त द्रावणात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवल्या. पट्टीवर चांदीच्या क्षाराचा लेप होता. तिच्यावर प्रकाश पडताच तारेतून वीज वाहू लागली. प्रकाशापासून थेट वीज मिळते हे माणसाला प्रथमच दिसले. त्याच वर्षी बर्लिनचे खनिजशास्त्रज्ञ गुस्ताफ रोझ यांनी रशियातील उरल पर्वतातून आलेल्या एका नव्या खनिजाचे वर्णन प्रसिद्ध केले. खनिजांचे संग्राहक असलेल्या पेरोव्हस्की नावाच्या रशियन सरदारांवरून त्यांनी त्याला 'पेरोव्हस्काइट' असे नाव दिले. ते होते कॅल्शियम टायटॅनेट.

या दोन शोधांचा परस्परांशी काहीच संबंध नव्हता. तो जुळायला १७० वर्षे लागली. २००९ साली जपानमध्ये पेरोव्हस्काइट रचनेच्या एका संयुगापासून सौरघट तयार झाला. त्याची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. म्हणजे घटावर पडलेल्या प्रकाशऊर्जेच्या शंभर भागांपैकी जेमतेम चार भागांची वीज होत होती. आज प्रयोगशाळेतील अशा घटांनी २६ टक्क्यांची मजल ओलांडली आहे. सिलिकॉनला एवढी मजल मारायला अर्धे शतक लागले होते.

एखादा विद्यार्थी वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन येतो व विचारतो, "सर, आता सिलिकॉनचे दिवस संपले ना?" अशा वेळी आपण काय सांगावे? आम्हांला वाटते, उत्तरादाखल एक प्रतिप्रश्न करावा: "हा घट टिकतो किती?" या लेखात आपण कार्यक्षमतेची नव्हे, तर टिकाऊपणाची कहाणी पाहणार आहोत. ती फारशी छापून येत नाही. पण हे घट आपल्या घराच्या छपरावर येणार की नाही, हे तीच ठरवणार आहे.

पिंजरा आणि पाहुणा

प्रथम रचना समजून घेऊ. सौरघटात वापरल्या जाणाऱ्या पेरोव्हस्काइटमध्ये शिशाच्या प्रत्येक आयनाभोवती आयोडीनचे सहा आयन असतात. हे सहा बिंदू जोडले की आठ पृष्ठांची एक आकृती होते. अशा आकृत्या कोपऱ्याला कोपरा लावून तिन्ही दिशांना मांडल्या, की आठ आकृत्यांच्या मधोमध एक पोकळी राहते. या पिंजऱ्यात तिसऱ्या प्रकारचा एक धन आयन बसतो. त्याला आपण पाहुणा म्हणू.

पाहुणा पिंजऱ्यात नीट बसतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे. आंब्याच्या पेटीत पेंढा कमी पडला तर आंबे गडगडतात, जास्त झाला तर झाकण बसत नाही. तसेच हे आहे. १९२६ साली ओस्लो येथील व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी आयनांच्या त्रिज्यांवरून ही 'बसण्याची' कसोटी एका साध्या गुणोत्तरात मांडली. आजही नवे पेरोव्हस्काइट शोधणारे संशोधक आधी हेच गणित करतात.

शिसे व हॅलोजन असलेल्या या कुळाची ओळख तशी जुनी आहे. अमेरिकेतील येल येथे होरेस वेल्स यांनी १८९३ च्या सुमारास सीझियम, शिसे व हॅलोजन यांची संयुगे तयार केली होती. त्यांची रचना पेरोव्हस्काइटसारखी आहे आणि प्रकाशात ती वीज अधिक वाहू देतात, हे डेन्मार्कच्या क्रिस्टियान म्योलर यांनी १९५८ साली दाखवले. १९७८ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे डीटर वेबर यांनी सीझियमच्या जागी मिथिलअमोनियम हा सेंद्रिय आयन बसवला. म्हणजे आजच्या घटातील पदार्थ १९७८ सालीच बाटलीत तयार होता. त्यापासून सौरघट करावा, हे मात्र तीस वर्षे कोणाला सुचले नाही.

रंगातले पांढरे कण

सुचले ते एका आडवाटेने. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये टायटॅनियम डायॉक्साइड असते. १९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओरेगन व मिखाएल ग्रेट्झेल यांनी याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर काचेवर बसवला, त्याला रंगद्रव्य चोपडले आणि भोवती आयोडीनयुक्त द्रावण भरले. हा घट सुमारे सात टक्के कार्यक्षम निघाला.

येथे नॅनो, म्हणजे अब्जांश कणांचे मर्म दिसते. वर्गात हे गणित जरूर करावे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले तर एकूण पृष्ठफळ दहा लाख पटींनी वाढते, म्हणजे ६०० चौरस मीटर होते. मोठ्या बारा वर्गखोल्यांची जमीन एका चिमटीत! पदार्थ तोच, पण तो जवळजवळ सगळाच 'पृष्ठभाग' झालेला असतो.

जपानमधील योकोहामा येथे त्सुतोमु मियासाका यांच्या प्रयोगशाळेत आकिहिरो कोजिमा या विद्यार्थ्याने या घटात रंगद्रव्याऐवजी पेरोव्हस्काइट वापरून पाहिले. हाच तो २००९ सालचा घट. पण त्यात एक मूलभूत विसंगती होती. पेरोव्हस्काइट हा क्षार आहे आणि तो द्रावणाच्या सान्निध्यात ठेवलेला होता. मिठाचा खडा पाण्यात ठेवून तो टिकावा अशी अपेक्षा करण्यासारखेच हे झाले. घट काही मिनिटांतच निकामी होत असे.

२०१२ मध्ये हा पेच सुटला. दक्षिण कोरियाचे नाम-ग्यू पार्क यांनी ग्रेट्झेल यांच्या सहकार्याने द्रवाऐवजी घन सेंद्रिय थर वापरला. कार्यक्षमता ९.७ टक्के झाली. आच्छादन न घालता घट ५०० तास टिकल्याची नोंद झाली. मात्र हे ५०० तास घट खोलीच्या तापमानाला नुसता ठेवून दिलेला होता, उन्हात सतत चालवलेला नव्हता. 'ठेवला' आणि 'चालवला' यांतला हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. त्याच वर्षी ऑक्सफर्डचे हेन्री स्नेथ व मियासाका यांच्या गटाने टायटॅनियम डायॉक्साइड बाजूला सारून ॲल्युमिनाचे नॅनोकण वापरले. ॲल्युमिना विद्युतरोधक आहे, तरीही घट चालला, उलट अधिक चांगला चालला. म्हणजे पेरोव्हस्काइट स्वतःच वीज वाहून नेत होते. यानंतर साऱ्या जगातील प्रयोगशाळा या पदार्थाच्या मागे लागल्या.

दुखणे सांध्यात

चांगले पेरोव्हस्काइट काळेभोर असते. ते बिघडले की पिवळे पडते. मिथिलअमोनियमचा क्षार पाण्यात सहज विरघळतो, तो निघून गेला की मागे पिवळे लेड आयोडाइड उरते. काळा थर सूर्यप्रकाश शोषतो, पिवळा त्यातला बराचसा सोडून देतो. म्हणजे घटाचे दुखणे डोळ्यांना दिसते.

दुखण्याची कारणे मात्र अनेक निघाली. हवेतील बाष्प हे पहिले. प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की क्रियाशील ऑक्सिजन तयार होऊन पदार्थाचे विघटन करतो, हे दुसरे. तिसरे उष्णता: ८५ अंश सेल्सिअसला कोरड्या, निष्क्रिय वायूतही मिथिलअमोनियमचे संयुग बिघडते. चौथे म्हणजे टायटॅनियम डायॉक्साइड. अतिनील किरणांत तो विघटनाला चालना देतो, ही गोष्ट २०१३ साली ऑक्सफर्डच्या गटाने दाखवली. ज्या कणांनी हा घट जन्माला घातला, तेच त्याच्या मुळावर आले होते! पाचवे कारण आतलेच होते. या स्फटिकातील आयन आपापल्या जागी स्वस्थ बसत नाहीत. आयोडाइड सरकत सरकत कडेला जाते आणि चांदीच्या पट्टीला गंजवते. उलट दिशेने सोन्याच्या पट्टीतील सोने आतल्या थरांत शिरते.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बिघाडाची सुरुवात बहुधा कडेला होते. पेरोव्हस्काइटचा पापुद्रा अर्ध्या मायक्रोमीटरचा, लहान लहान दाण्यांचा बनलेला. दोन दाण्यांच्या मधली फट, पेरोव्हस्काइट व शेजारचा थर यांचा सांधा, थर आणि धातूची पट्टी यांचा सांधा, या ठिकाणी बंध अपुरे असतात. बाष्प तेथून शिरते आणि आयन तेथूनच पळतात. दुखणे सांध्यांचे असेल तर औषधही सांध्यावरच लावायला हवे. आणि जे पदार्थ जवळजवळ सगळेच पृष्ठभाग असतात, त्यांच्याहून या कामाला योग्य दुसरे कोण?

सांध्यावरचे पहारेकरी

२०१४ साली ऑक्सफर्डमध्ये सेंद्रिय थराच्या जागी कार्बनच्या नॅनोनलिका ॲक्रिलिकसारख्या प्लास्टिकमध्ये घोळवून बसवल्या. नलिका विद्युतभार वाहून नेत, प्लास्टिक पाणी अडवी. त्याच वर्षी चीनमधील वुहान येथे हान होंगवेई यांच्या गटाने टायटॅनियम व झिर्कोनियम ऑक्साइडचे सच्छिद्र थर आणि त्यावर कार्बनचा जाड थर एवढीच मांडणी केली आणि त्यात पेरोव्हस्काइट मुरवले. धातूची पट्टीच नाही, तेव्हा गंजणार काय? १२.८ टक्के कार्यक्षमतेचा हा घट हवेत, पूर्ण प्रकाशात १००० तासांहून अधिक टिकला.

२०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथील गटाने घटाच्या दोन्ही बाजूंना निकेल ऑक्साइड व झिंक ऑक्साइडचे थर दिले. हवेत साठ दिवस ठेवल्यावरही मूळ कार्यक्षमतेच्या सुमारे ९० टक्के शिल्लक होती. तुलनेसाठी केलेले सेंद्रिय थरांचे घट पाच दिवसांत संपले होते.

२०१७ सालचा लोझानचा प्रयोग तर तपासकथेसारखा आहे. तेथे सेंद्रिय थराऐवजी स्वस्त व उष्णता सोसणारे तांब्याचे संयुग वापरले. कार्यक्षमता २० टक्क्यांवर गेली, पण प्रकाशात घट भराभर ढासळू लागला. दोष पेरोव्हस्काइटचा नव्हता, तांब्याच्या संयुगाचाही नव्हता. तो होता त्या संयुगाच्या आणि सोन्याच्या सांध्यावर. तेथे ग्राफीनच्या जातीचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर घालताच घट ६० अंशांना, पूर्ण प्रकाशात १००० तास चालला आणि त्याने ९५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता राखली.

पाहुण्याचा प्रश्नही सोडवायचा होता. मिथिलअमोनियम पिंजऱ्यात बसतो, पण उष्णतेने निघून जातो. फॉर्मामिडिनियम उष्णता सोसतो, पण तो जरा मोठा. सीझियम मजबूत, पण जरा लहान. शेवटच्या दोघांची संयुगे खोलीच्या तापमानाला काळी न राहता पिवळी होतात. लोझानच्या गटाने २०१६ साली तिन्ही एकत्र मिसळले आणि सरासरीने आंबा पेटीत बसला.

पुण्याचा दुवा

याच वर्षी एका वेगळ्या मार्गाचा शोध लागला आणि त्याला महाराष्ट्राचा धागा आहे. सीझियम लेड आयोडाइडमध्ये उडून जाणारा सेंद्रिय भाग मुळीच नाही. उष्णतेला तोंड द्यायला उत्तम! पण त्याची काळी रचना सुमारे ३०० अंशांच्या वरच स्थिर असते. थंड झाले की ते पिवळे.

पुण्याच्या आयसर संस्थेत अंग्शुमन नाग यांच्या गटात पेरोव्हस्काइटच्या नॅनोस्फटिकांवर काम चालू होते. तेथील संशोधक विद्यार्थी अभिषेक स्वर्णकार अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत गेले आणि तेथील सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या संयुगाचे काही नॅनोमीटर आकाराचे स्फटिक तयार केले. एवढ्या लहान आकारात ते खोलीच्या तापमानालाही काळेच राहिले.

असे का व्हावे? अळूच्या पानावरचे पाणी आठवा. लहान थेंब मोत्यासारखा गोल असतो, मोठा थेंब चपटा होतो. लहान थेंबात पृष्ठभागाचा ताण वरचढ ठरतो, मोठ्यात वजन. नॅनोस्फटिकातही पृष्ठभागाच्या ऊर्जेचा वाटा एवढा मोठा असतो, की ती सगळ्या स्फटिकाला काळ्या रचनेत धरून ठेवते. कारागिरीचा भाग पुढेच होता. हे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर तेलकट साखळ्यांचे आवरण असते, आणि त्यातून वीज जात नाही. मिथिल ॲसिटेट या द्रवाने धुऊन नको तेवढे आवरण काढले, पण कण शाबूत ठेवले. त्यांचा घट १०.७७ टक्के कार्यक्षम झाला आणि थर हवेत महिनोन्महिने टिकला. सांध्यावर पहारेकरी बसवण्यापेक्षा येथे निराळे घडले होते. पदार्थ स्वतःच नॅनो झाल्यामुळे स्थिर झाला होता.

पंचवीस वर्षे कशी मोजायची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कार्यक्षमता काही मिनिटांत मोजता येते. टिकाऊपणा मोजायला मात्र वेळच द्यावा लागतो. बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सहा टक्क्यांचा सिलिकॉन सौरघट दाखवला. चारच वर्षांनी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहाचे सौरघटांवर चालणारे प्रक्षेपक अवकाशात १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिले. सिलिकॉनने विश्वास असा कमावला. आज त्याच्या पॅनेलांना पंचवीस वर्षांची हमी मिळते.

त्या मानाने १००० तास म्हणजे किती? आपल्याकडे दिवसाला सरासरी पाच तास भर उन्हाइतकी ऊर्जा मिळते असे धरू. १००० भागिले ५ म्हणजे २०० दिवस, साडेसहा महिने. पंचवीस वर्षांचे असे तास होतात ४५ हजारांहून अधिक. शिवाय छपरावर नुसता प्रकाश नसतो. दिवसाचे तापणे आणि रात्रीचे निवणे असते, पाऊस असतो. म्हणूनच पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास काढावे लागतात. उणे ४० ते अधिक ८५ अंशांचे २०० फेरेही सोसावे लागतात.

थांबायला वेळ नसेल तर तापमान वाढवून काळ पुढे ढकलता येतो. तापमानाबरोबर रासायनिक क्रियांचा वेग कसा वाढतो याचा नियम अऱ्हेनिअस यांनी १८८९ मध्येच दिला आहे. २०२२ साली प्रिन्स्टन विद्यापीठात त्याचा उपयोग केला गेला. सीझियमच्या पेरोव्हस्काइटवर त्यांनी अतिशय पातळ, द्विमितीय रचनेचा थर बसवला आणि घट ११० अंशांपर्यंतच्या तापमानांना चालवून पाहिले. मोजलेल्या ऱ्हासावरून हिशेब निघाला, की ३५ अंशांना सतत प्रकाशात ८० टक्क्यांपर्यंत उतरायला घटाला सुमारे ५१ हजार तास, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. छपरावर रात्र, ढग व मंद ऊन असते, त्यामुळे तेथे हे आयुष्य बरेच लांबते. पण हा हिशेब आहे, अनुभव नव्हे. जास्त तापमानाला होणारा बिघाड आणि छपरावर होणारा बिघाड एकाच प्रकारचा असेल, हे त्यात गृहीत धरलेले असते.

अनुभवासाठी उन्हातच जावे लागते. ग्रीसच्या क्रीट बेटावर एका संशोधक गटाने अशी नऊ पॅनेले उभारली आणि बारा महिने नोंदी घेऊन २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांध्यांवर ग्राफीन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांचे पातळ पापुद्रे होते. एकूण क्षेत्र ४.५ चौरस मीटर, कमाल शक्ती २५० वॉटहून थोडी अधिक. भर उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट पडतात, म्हणजे ४५०० वॉटमागे २५० वॉट. हे साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते. बोटाच्या नखाएवढ्या घटातील टक्के आणि छपरावरचे टक्के यांत केवढे अंतर असते, ते विद्यार्थ्यांना याच गणितातून दाखवावे.

एक शंका हुशार विद्यार्थी हमखास काढतील: यात शिसे आहे ना? आहे. पापुद्रा अर्ध्या मायक्रोमीटरचा, घनता सुमारे ४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. म्हणजे एक चौरस मीटरला पदार्थ २ ग्रॅम. त्यात शिसे वजनाने एक तृतीयांश, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आत. प्रमाण थोडे आहे, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आहे. पॅनेल फुटले तर काय, याचे उत्तर टिकाऊपणाच्या उत्तराचाच भाग आहे.

हे घट बाजारात आलेच नाहीत असे मात्र नाही. ऑक्सफर्डमधील संशोधनातून उभ्या राहिलेल्या एका कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये पहिली व्यापारी पॅनेले अमेरिकेतील ग्राहकाला पाठवली. त्यांत पेरोव्हस्काइट सिलिकॉनच्या जागी नसून सिलिकॉनच्या वर बसवलेले आहे. दोघे मिळून प्रकाशाचे वेगवेगळे रंग वाटून घेतात. प्रयोगशाळेत अशा जोडघटांनी ३४ टक्क्यांची पातळी ओलांडली आहे. म्हणजे 'सिलिकॉनचे दिवस संपले का' या प्रश्नाला सध्या तरी उत्तर 'नाही' असेच आहे. नवा पदार्थ जुन्याच्या खांद्यावर बसून येत आहे.

तेव्हा पुढच्या वेळी विद्यार्थी सौरघटाच्या विक्रमाचे कात्रण आणील, तेव्हा त्याला तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात. घट केवढा होता? तो किती तास टिकला? आणि त्या तासांत तो ठेवलेला होता की चालवलेला, कोणत्या तापमानाला, कोणत्या हवेत? बहुतेक कात्रणांत यांतली दोन उत्तरे सापडणार नाहीत. ती सापडत नाहीत हे त्याच्या ध्यानात आले, तरी आपल्या त्या दिवसाच्या तासाचे काम झाले असे समजावे.